मऊ भाकरी

वजनाच्या काट्यावर चढण्याआधी सिस्टरने चपला काढायला सांगितल्या. मी चपला काढल्या, मग बांगड्या काढल्या, आणि गळ्यातलं काढायला हात मागे नेला तशी ती म्हणाली, "राहू दे हो मावशी, मंगळसूत्रानं काय फरक पडतोय." माझ्या भावजयीला, मंदाला, मात्र फरक पडत होता. तिने पुढे होऊन माझ्या गळ्यातलं स्वतःच्या हाताने काढलं आणि मुठीत धरून काट्याकडे बघत उभी राहिली.

मी चढले. सिस्टरने आकडा वाचला, मागच्या महिन्याचा पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. वजन उतरायचं सोडून थोडं वाढलंच होतं. मंगळसूत्र मंदाने माझ्या हातात ठेवलं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. मी तिथेच उभी राहून एकेक बांगडी परत चढवत राहिले.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं होऊन गेली. मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होते. माझा धाकटा भाऊ संपत मिरजेत खानावळ चालवायचा. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिसला नेऊन झोपवावं लागे. आई-वडील उरले नव्हते. त्याची मुलं शाळेत होती. मंदाचा रक्तगट जुळत नव्हता, नाहीतर पहिल्याच दिवशी तिने आपली एक किडनी दिली असती, हे मी तिच्या बाजूने आजही सांगेन. राहिले मी. माझं रक्त जुळलं, बाकीच्या तपासण्या जुळल्या, फक्त वजन आडवं आलं. डॉक्टर म्हणाले, एवढ्या वजनावर आणि साखर अशी काठावर असताना मी तुमच्या पोटाला सुरी लावणार नाही. दहा-बारा किलो उतरवा, साखर खाली आणा, मग पुढचं बोलू.

ते हेही म्हणाले होते, की तुमची स्वतःची तयारी आहे ना? त्यावर मंदा म्हणाली, "तयारी हाय तर. सख्खी बहीण हाय." डॉक्टर माझ्याकडे बघत होते म्हणून मी मान हलवली. घरी येऊन यांना सांगितलं, तर हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, तुझा भाऊ आहे, तुझं तू बघ. मंदाने दुसऱ्या दिवशी सांगलीला आमच्या घरी येऊन माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ सगळं पदरात पडलं. म्हणजे झालं, ते ठरलंच.

वजन माझ्या अंगावर काही एका दिवसात आलं नव्हतं. मी ब्लाऊज शिवते. वीस-बावीस वर्षं मशीनवर बसून होते. दोन बाळंतपणं, दिवसाला सहा-सात चहा, त्यात भर म्हणजे ब्लाऊज न्यायला येणारी प्रत्येक बाई कसलं ना कसलं गोडधोड घेऊन यायची. गावातल्या निम्म्या बायकांची मापं मला तोंडपाठ होती, स्वतःच्या कमरेला मात्र मी कधी टेप लावली नव्हती. गरजच पडली नव्हती. आमच्याकडे बाई जाड झाली की तब्येत सुधारली म्हणतात आणि वाळली की काय गं, बरं नाही का म्हणून चौकशीला येतात.

तर मी कामाला लागले. चहातली साखर बंद केली, मग चहाच बंद केला. पहाटे उठून नदीच्या घाटापर्यंत चालत जायचं आणि यायचं. पहिल्या आठवड्यात पायाच्या पिंढऱ्या अशा धरल्या की मशीनचं पायडल मारताना डोळ्यांत पाणी यायचं. हळदीकुंकवाला जाणं सोडलं, कारण तिथे नको म्हणणाऱ्या बाईला कुणी सोडत नाही. आणि जेवणाचं संपतने स्वतःच्या अंगावर घेतलं. त्यानेच सुचवलं. म्हणाला, आक्का, तू घरात चारजणांचं करणार, चव बघणार, उरलंसुरलं पोटात ढकलणार, त्यापेक्षा तुझा डबा माझ्याकडनं येऊ दे. बिनतेलाचं, मोजून मापून. आमचे हे मिरजेत एका औषधाच्या दुकानात कामाला होते. संध्याकाळी येताना ते डबा घेऊन यायचे. रात्रीचं आणि दुसऱ्या दुपारचं त्यात असायचं.

मला त्याचं वाईट वाटायचं. स्वतः आजारी माणूस, त्याला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागायचं, ओठ फुटलेले असायचे, बर्फाचा खडा चघळून तहान मारायचा, आणि बहिणीसाठी भाकरी थापत होता. पण डबा उघडला की बरं वाटायचं. ज्वारीच्या भाकऱ्या इतक्या मऊ, की दुसऱ्या दिवशीही घडी मोडत नसे. दुधीची आमटी दाट. ताक तर असं, की पेल्याच्या तळाला बोट फिरवावंसं वाटे. शेजारची सुनंदा शुगरमुळे पथ्यावर होती, ती बिचारी उकडलेल्या कोबीला बघून रडायची. मी तिला ऐटीत सांगायचे, हाताला चव असते बाई, तेलाला नाही. आमचा संपत बिनतेलाचं करतो ते खाऊन बघ.

पहिल्या महिन्यात वजन जरासं उतरलं. दुसऱ्यात तिथेच राहिलं. तिसऱ्यात वाढलं, तेव्हाचं मी वर सांगितलंच.

डॉक्टरांनी मला आत बोलावून हळू आवाजात विचारलं, की खरं सांगा, अधूनमधून काही खाता का? मी नाही म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नाही हे मला दिसत होतं. ते म्हणाले, संपतच्या हाताच्या शिरा थकत चालल्यात, डायलिसिसवर किती दिवस निघतील सांगता येत नाही. अनोळखी माणसाच्या किडनीसाठी नाव लावलंय, पण तिथली रांग लांबलचक. अजून दोन महिने बघू, नाही जमलं तर तुमचा विचार सोडावा लागेल.

बाहेर आल्यावर मंदाने विचारलं डॉक्टर काय म्हणाले. मी सांगितलं. ती म्हणाली, "वन्सं, एक बोलू? राग मानू नका. दोन म्हैने तोंडावर ताबा ठेवता येईना व्हय तुमास्नी? माझ्या कुंकवाचा प्रश्न हाय."

राग कसला मानायचा. मला एवढा थकवा आला होता की रागाला जागाच नव्हती. सबंध दिवस पोटात भुकेची आच घेऊन मी मशीन मारत होते, गुडघे ठणकत असताना घाट गाठत होते, आणि वर मी चोरून खाणारी ठरले होते. घरी गेल्यावर यांनीही चेष्टा केली, तुझ्या अंगाला हवा लागली तरी ती चरबी होते. मी डबा उघडला आणि जेवले. जेवताना मला स्वतःच्या हातांची, त्या फुगलेल्या बोटांची किळस आली. अंग आपलं असून आपलं ऐकत नाही, याच्याइतकं दमवणारं दुसरं काही मी पाहिलं नाही.

गुरुवारी मी संपतबरोबर डायलिसिसला बसायचे. तो पडून असायचा, हाताला दोन नळ्या, शेजारी यंत्र घुमत असायचं. त्या गुरुवारी मी त्याला आकडा सांगितला आणि म्हणाले, माझ्याने काही होईल असं वाटत नाही रे. मला वाटलं होतं त्याचा चेहरा उतरेल. तो उलट मोकळा झाला. म्हणाला, मनाला लावून घेऊ नकोस, देवाच्या मनात असंल ते हुईल, आणि दुपारी खानावळीत जेवून जा. मला वाटलं माझं मन राखतोय. मला भरून आलं. त्याच्या डाव्या हातावर, जिथे सुया टोचायचे तिथे, शीर दोरखंडासारखी वर आली होती. त्या हाताने जड उचलायचं नाही, जोर लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि हा माणूस त्या हाताने माझ्यासाठी पीठ मळत होता. मी मनाशी ठरवलं, की ही मऊ भाकरी कशी करतो ते त्याच्याकडून शिकून घ्यायचं आणि त्याच्या जिवाचा हा ताप थांबवायचा.

शनिवारी सकाळी कुणाला न सांगता मी सिटी बसने मिरजेला गेले. खानावळ उघडायला अवकाश होता. मंदा भाजी आणायला बाजारात गेली होती. पुढची बाकडी उलटी रचलेली होती, म्हणून मी बोळातून मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात शिरले.

संपत पाटावर परातीपुढे बसला होता. डावा हात मांडीवर आडवा ठेवलेला, उजव्याने पीठ मळत होता. शेजारी लोण्याचं पातेलं होतं. माझ्यासमोर त्याने त्यातला लिंबाएवढा गोळा काढला, पिठात घातला आणि त्यावर कोमट दूध ओतलं. चुलीवर दुधीची आमटी रटरटत होती आणि पाट्यावर काजू आणि खोबरं वाटून ठेवलेलं होतं. खानावळीत भाकरी खाणाऱ्या गिऱ्हाइकांना कुणी दुधात पीठ मळून घालत नाही. मला पहिल्यांदा वाटलं, हा मुलांसाठी काही करत असेल.

"कुणाची रं ही भाकरी?" मी विचारलं.

तो दचकला. पण लपवायला गेला नाही. हात पिठात तसाच ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं.

"तुझी," तो म्हणाला.

"लोणी घालून?"

"व्हय."

"रोज?"

"रोज."

मी तिथल्या पिठाच्या डब्यावर बसले. माझ्या डोक्यात आधी आलं ते असं, की वेडा आहे, बहिणीच्या मायेपोटी हात आखडत नाही. मी म्हणाले, अरे, मला वजन उतरवायचं आहे हे तुला माहीत नाही का. त्यावर तो म्हणाला, "म्हाईत हाय. म्हणूनच घालतोय."

मग मात्र माझा तोल गेला. मी त्याला काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. भुकेचं बोलले, गुडघ्यांचं बोलले, डॉक्टर मला खोटारडी समजले ते बोलले, मंदाचं बोलणं आणि यांची चेष्टा, सगळं बाहेर काढलं. माझा आवाज बोळात ऐकू जात असेल. मी दमून थांबले तेव्हा त्याने हात धुतले, पंच्याला पुसले आणि बोलायला लागला. त्याला बोलताना धाप लागत होती.

त्याने वीस वर्षांपूर्वीची गोष्ट काढली. आमचे वडील, तात्या, तेव्हा होते. माझ्या लग्नानंतर वर्षभराने त्यांनी मला निरोप धाडून तालुक्याच्या कचेरीत बोलावलं होतं. जमिनीतला माझा हिस्सा मी भावाला सोडते असं हक्कसोडपत्र तयार होतं. बहिणी सोडतातच, त्यात नवल काही नव्हतं. तात्यांनी बोट दाखवलं तिथे मी सही केली, मग सगळ्यांनी मिळून उसाचा रस प्यायला आणि मी सासरी परत आले. त्याच जमिनीवर पुढे ही खानावळ उभी राहिली.

"मी तिथंच बसलोतो, आक्का," संपत म्हणाला. "कारकुनानं इचारलं, राजीखुशीनं सोडताय न्हवं? तर तात्याच म्हणालं, व्हय. तू काय बोलायच्या आतच. माझ्या मनात आलं हुतं, आक्काला इचारावं. पर मी गप बसलो. आन आता डाक्टरनं तेच इचारलं, आन मंदा व्हय म्हणाली. तू मान हलवलीस. तशीच, तवासारखी."

त्या दिवशी तोही डॉक्टरांच्या खोलीत होता, कोपऱ्यातल्या खुर्चीवर, हे मी विसरूनच गेले होते.

"जमीन गेली ती गेली," तो पुढे म्हणाला. "पर आता पोट फाडून घ्यायचं, आन तेबी न इचारता? माझ्यानं हुईना."

"मग नको म्हणायचंस."

"मंदाम्होरं कुठल्या तोंडानं म्हणू? ती पोरांला उराशी धरून रडती. तिला म्हणू, की मला जगायचं न्हाई? मला जगायचंय, आक्का. लई जगायचंय." त्याने तोंड फिरवलं. "म्हणलं, तुझं वजनच उतरलं न्हाई तर आपसूक हुईल. कुणाचा दोष न्हाई."

"कुणाचा न्हाई?" मी म्हणाले. "माझा झाला की. मंदाम्होरं तू सुटलास, तुझं मन साफ ऱ्हायलं, आन खादाड मी ठरले."

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. तीन महिने हा रोज माझी भाकरी लोण्यात मळत होता आणि मला वाचवतोय या समाधानात होता. त्या भाकरीपायी माझी काय गत झाली असेल, हे त्याच्या मनाला शिवलंही नव्हतं. मला रडू यायला हवं होतं, पण हसू आलं, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

"तात्यांनी माझ्या वाटचं ठरवलं," मी म्हणाले. "मंदानं ठरवलं. हे म्हणाले तुझं तू बघ, म्हणजे त्यांनीबी सोडून दिलं. आन तू तरी काय वेगळं केलंस? तूबी माझ्या वाटचं ठरवलंसच की. मला न इचारता."

चुलीवरची आमटी उतू जायला लागली. त्याने उठून भांडं उतरवलं, जाळ कमी केला आणि परत येऊन बसला. बाहेर बोळात कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आम्ही दोघं परातीच्या दोन बाजूंना बसलो होतो आणि मधे ते लोण्याचं पीठ होतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"चुकलं ते ऱ्हाऊ दे. आता इचार."

"काय?"

"जे इचारायचंय ते. अजून कुणी इचारलेलं न्हाई मला."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. इतका अवघड प्रश्न त्याने आयुष्यात कुणाला विचारला नसेल. पण विचारला. आवाज बारीक झाला होता, तरी शब्द सरळ होते.

"आक्का, तुझी एक किडनी मला देतीस का?"

आणि मी घाबरले. तीन महिन्यांत पहिल्यांदा खरोखर घाबरले. तोवर मला घाबरायची पाळीच आली नव्हती, कारण सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं होतं आणि मी फक्त काट्यावर चढत-उतरत होते. खरं सांगायचं तर काटा हलायचा नाही तेव्हा लाजेखाली कुठेतरी मला सुटल्यासारखंही वाटायचं. आता ती पळवाट बंद झाली होती. मला ऑपरेशनची भीती होती. शुद्ध हरपून टेबलावर पडायची भीती होती. पोटाला टाके पडल्यावर मशीनवर किती दिवस बसता येणार नाही, एका किडनीवर म्हातारपण कसं निघेल, उद्या माझीच साखर वाढली तर मला कोण देईल, हे सगळं एका दमात मनात आलं. माझ्या समोर संपत बसला होता, राखेच्या रंगाचा, सुजलेल्या डोळ्यांचा. मी त्याच्यावर जीव टाकत होते. आणि तरीही नाही म्हणावं असं मला वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं.

"न्हाई म्हणलं तर चालंल?" मी विचारलं.

त्याने लगेच उत्तर दिलं नाही. लगेच दिलं असतं तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता. त्याने डोळे मिटले. त्याला मुलं दिसली असतील, मंदा दिसली असेल, ते घुमणारं यंत्र दिसलं असेल. मग त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

"चालंल," तो म्हणाला.

मी पदराने तोंड पुसलं.

"मग देते," मी म्हणाले.

डॉक्टरांनी मुदत वाढवून दिली, आणि वजन उतरायला त्यानंतर अख्खा उन्हाळा गेला.